भाऊंचा पाट

बाटलीत काही नाही, हे सांगायचा पगार मी नोकरीभर घेतला. हसू नका. रोह्याच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत मी तपासणी विभाग सांभाळत होते. इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या एका बाजूने यायच्या. माझ्या विभागातल्या बायका एकेक बाटली उचलून आधी काळ्या आणि मग पांढऱ्या पाटीसमोर धरायच्या आणि हळूच उलटी करायच्या. आत केस, काचेचा कण, धागा असं काही तरंगताना दिसलं की बाटली बाजूला. नाही दिसलं की पुढे. दिवसभर हेच.

माणसाच्या डोळ्याला हे काम फार वेळ झेपत नाही. थोड्या वेळाने डोळा बघत राहतो, पण त्याला दिसेनासं होतं. आम्ही त्याला 'नजर बसली' म्हणायचो. नजर बसली की त्या बाईला उठवायचं, बाहेर झाडं बघायला पाठवायचं आणि तिच्या जागी दुसरी बसवायची. कोणाची नजर कधी बसते हे ओळखणं म्हणजे माझी मॅनेजरकी. मीटिंगा, चार्ट, टार्गेट हे सगळं होतंच, पण ते कोणालाही येतं. चांगलं मॅनेजर कसं व्हावं हे शिकवायला कंपनीने एकदा पुण्याहून एक टायवाले साहेब आणले होते. ते दिवसभर 'लक्ष ठेवा, लक्ष ठेवा' म्हणत राहिले. जेवणात आमचे कडवे वाल मात्र दोनदा मागून घेतले. माझं खरं शिक्षण झालं ते शैलाकडे.

शैला ही माझ्याच विभागातली मुलगी, रोह्याच्या पलीकडच्या खेड्यातून यायची. कामाला एकदम चोख. एके दिवशी तिने चांगल्या बाटल्या बाजूला काढायला सुरुवात केली. का गो, विचारलं तर म्हणाली, "मॅडम, आत काहीतरी हलतंय." बाटल्या फोडल्या, औषध गाळलं, काहीही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या दोघींनी आपापली स्टुलं लांब सरकवली. कोणी म्हणालं पोरगी बाधली, कोणी म्हणालं धावीर महाराजांचा अंगारा लावा. प्रॉडक्शनवाले साहेब म्हणाले, सरळ काढून टाका.

मी शैलाला उठवलं आणि तिच्या स्टुलावर जाऊन बसले. बाटली धरली, उलटी केली. स्वच्छ पाणी. बराच वेळ नुसतंच स्वच्छ पाणी. मग ऊन जरा कललं आणि त्या पाण्यात एक काळं बोट फिरलं. बोटच. हळूच आलं, वळलं आणि गेलं. माझ्या हातातली बाटली पडता पडता वाचली. तशीच धीर धरून बसले, मान वळवून मागे बघितलं, तर वर भिंतीत नवीन बसवलेला एग्झॉस्ट पंखा. त्या वेळेला त्याच्या पात्यांमधून ऊन यायचं, आणि येऊन पडायचं ते नेमकं या एका स्टुलावर. पुठ्ठा लावला, विषय संपला. पण शैला पुढे कितीतरी दिवस म्हणायची, "मॅडम, पुठ्ठ्याचं सोडा हो. 'मलाही दिसलं' म्हणालात ना, तेव्हा जिवात जीव आला."

तेव्हापासून माझं एक ठरलं. माणसाला जागेवरून हलवण्याआधी त्याच्या जागेवर आपण बसून यायचं. यावरच मी नोकरी काढली, आणि चांगली काढली, खोटं कशाला बोलू? आणि दुसरं असं ठरलं की जगात कितीही विचित्र काही दिसलं तरी त्याच्या मागे कुठेतरी एक पंखा असतो. हे दुसरं मत पेणजवळच्या जोहे गावात जाईपर्यंत टिकलं.

रिटायर झाल्यावर मी पेणला घरी बसले, म्हणजे घरातल्यांच्या डोक्यावर बसले. मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावून झाली. आमचे हे सकाळी फिरायला जायचे ते मुद्दाम उशिरा परत यायचे. अशात एक दिवस निलेश आला. निलेश माझ्या नणंदेच्या सासरकडचा, मला मामी म्हणतो. डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. वडील गेल्यावर ते सोडून घरचा कारखाना बघायला लागला होता. आमच्याकडे कारखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चिमणी येत नाही, गणपती येतात. हमरापूर, जोहे या बाजूला घरोघरी शेड आहेत, निलेशची जोह्याला.

"मामी, परदेशात जायचा माल आहे," निलेश म्हणाला. "बोटीने जातो, म्हणून वैशाखातच निघायला लागतो. सगळी लाइन पळतेय, एकच टेबल अडतंय. आखणीचं. तुम्ही रोह्याला लाइन सोडवायच्यात ना, एवढी सोडवून द्या. या सीझनपुरत्या मॅनेजर म्हणून या."

मी लगेच हो म्हटलं. ह्यांनी तर मला बसस्टॉपपर्यंत सोडलंसुद्धा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासून गुळगुळीत होते. मग पांढऱ्या रंगाचा पहिला हात, अंगाचा रंग, पितांबर, शेला, सोनेरी दागिने. या सगळ्याला हात पुष्कळ मिळतात. डोळे सगळ्यात शेवटी. त्या कामाला आखणी म्हणतात आणि तो हात कारखान्यात एखाद्याचाच असतो. बुबुळ, पापणीची रेघ आणि अगदी शेवटी बुबुळात पांढरा बारीक ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत समोर नुसती रंगवलेली मूर्ती असते. ठिपका पडला की ती बघायला लागते. कुठे बघते हे मोठं महत्त्वाचं. घरी मखरात ठेवल्यावर समोर पाटावर पूजेला बसलेल्या माणसाच्या नजरेला नजर भिडली पाहिजे. केसभर इकडेतिकडे झालं तरी घरातलं माणूस म्हणतं, यंदाचा गणपती काही आपल्याकडे बघत नाही बाई.

नव्या ठिकाणी पहिले काही दिवस कशाला हात लावायचा नाही, हात मागे बांधून नुसतं उभं राहायचं, ही माझी पद्धत. तशी मी शेडमध्ये उभी राहिले. चैत्राचं ऊन, वर पत्रे, पंचवीस-तीस माणसं कामाला, बहुतेक बायकाच. आखणीच्या टेबलाशी वनिता. पन्नाशीची, किडकिडीत, डोक्यावर घट्ट पदर. तिच्या समोर चार हातांवर छपराचा खांब, आणि खांबाशी एक रिकामा पाट. खांबावर, पाटावर बसलेल्या माणसाचं डोकं जिथे टेकेल तिथे, तेलाचा काळपट डाग. कित्येक वर्षांचा असावा.

वनिताने डोळे पुरे केले, ठिपका टाकला, कुंचला खाली ठेवला. मूर्ती दोन्ही हातांनी खांबाकडे वळवली आणि त्या रिकाम्या पाटाला विचारलं, "बगतोय?"

शेडमधले सगळे हात थांबले. रंगाच्या फवाऱ्याची मशीन बंद झाली. भर दुपारी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तापलेले पत्रे तेवढे टक टक करत होते. मग हात पुन्हा चालू झाले, वनिताने मान हलवली आणि मूर्ती पुढे सरकवली. पुढच्या मूर्तीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या मूर्तीला वनिता बराच वेळ पाटाकडे बघत राहिली, "बरं," म्हणाली, ओल्या फडक्याने डोळे पुसले आणि नव्याने काढायला बसली.

असल्या गोष्टीला मी घाबरणारी नव्हे. म्हटलं, बाईच्या मनावर काहीतरी परिणाम झालाय, आणि बाकीच्या तिला सांभाळून घेताहेत. दुपार कलेपर्यंत मी हे असंच समजत होते. मग माझ्या लक्षात एक आलं. शेडमधल्या निम्म्या बायका वनिताकडे पाठ करून बसायच्या. आणि वनिताची मान हलायच्या आधी त्यांचे हात चालू व्हायचे. आधी हात, मग मान. मूर्ती पुसायची असेल तेव्हा हात चालू व्हायचेच नाहीत. वनिता 'बरं' म्हणायच्या आधीच त्या कुंचले खाली ठेवून मोकळ्या झालेल्या असायच्या.

मी मान वर करून पंखा शोधला. पंखे होते, सगळे आपापल्या जागी गरगरत होते.

पांढरा हात मारणारी सुगंधा ही त्या शेडमधली सगळ्यात बोलकी बाई. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं. "काय गो, हा काय प्रकार आहे?"

सुगंधाने डब्यातली सुकट माझ्या पानात वाढली आणि मग बोलली. "म्याडम, तो भाऊंचा पाट हाय. निलेशचे वडील. आमी आलो तवापास्नं ते तिथंच बसायचे. वनिता डोळं काडणार, मूर्ती त्यांच्याकडं वळवणार, इचारणार, बगतोय? ते व्हय म्हनले तर पुडं. नाय म्हनले तर पुसायचं. दुसरा कारभार त्यांनी कदी केलाच नाय. ना ओरडनं, ना काय."

"आणि आता?"

"आता काय." तिने आवाज उतरवला. "गेल्या सालची गोष्ट. वनितानं इचारलं, बगतोय? भाऊ काय बोलले नायत. आमी थांबलो. डोळं उगडं, मूर्तीकडं लागलेलं. म्हटलं बगतायत. लय येळ थांबलो ओ, कोनी हललं नाय. वनितानं परत इचारलं. मग मी उटून खांद्याला हात लावला, तर..." तिने डबा बंद केला. "तवापास्नं थांबतोच आमी."

"पण हात चालू कधी करायचे हे तुम्हाला कसं कळतं?"

सुगंधाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी येडपट विचारलंय. "कळतं," म्हणाली आणि डबा धुवायला गेली.

मग मी वनितालाच विचारलं. खोटं कशाला सांगू, चार माणसं आजूबाजूला असताना विचारलं, एकटीने नाही. ती कुंचल्याचे केस ओठांनी सारखे करत होती. म्हणाली, "बाई मानसाच्या हातात आखनी कोनी देत नव्हतं म्याडम. भाऊंनी दिली. मी डोळं काडते ते त्यांच्याकडं बगून काडते. त्या दिशी बी ते बोलले. लोकांना वाटतं नाय बोलले. उशिरा बोलले, एवडंच."

निलेशला हे सगळं ठाऊक होतं. मला वाटत होतं त्याला वेळ वाया जातो याचा राग आहे. मी म्हटलं, अरे, एवढा काही वेळ जात नाही, थोडं सबुरीने घे. तर त्याचा चेहराच पडला. "मामी, माझा बाप आहे तो. मी डोलवीवरून शिफ्ट करून यायचो, शेजारी बसायचो, तर दिवसातून दोन शब्द बोलायचा नाय माझ्याशी. आणि मेल्यावर हिच्याशी बोलतो? सगळ्यांना ऐकू येतो आणि मलाच येत नाय?"

 

त्याच रविवारी त्याने पाट उचलून माळ्यावर टाकला आणि खांबाला चुना फासला.

सोमवारी वनिताने काही विचारलं नाही. ठिपका टाकायची आणि मूर्ती पुढे सरकवायची. आखणीचं टेबल पळायला लागलं. निलेश खूश झाला. मला मात्र शेडमध्ये उभं राहवेना. बायका बोलेनाशा झाल्या. टेबल आणि खांब यांच्यामधून कोणी जाईना, रंगाचा डबा हातात असला तरी लांबून वळसा घालून जायच्या. आणि चुन्याखालून डाग वर आला. निलेशने पुन्हा चुना मारला, पुन्हा आला. तेल चुन्याला जुमानत नाही, हे कोणीही रंगारी सांगेल. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण बारकं एक खटकत राहिलं. डाग सुकत नव्हता. बोट लावलं तर बोटाला तेल लागायचं.

मग पार्टीचा माणूस माल बघायला आला. मुंबईचा व्यापारी, हसतमुख, बडबड्या. घोडीवर, म्हणजे आमच्या फळ्यांच्या मांडणीवर, गणपती ओळीने उभे होते. तो समोर उभा राहिला आणि बोलता बोलता थांबला. दोन पावलं डावीकडे गेला, उजवीकडे गेला, खाली वाकून बघितलं. मग मला म्हणाला, "मॅडम, ये लोग किसको ढूंढ रहे हैं?"

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मला दिसलं. एवढे दिवस एकेक मूर्ती जाताना बघितल्या होत्या, सगळ्या एकत्र अशा बघितल्याच नव्हत्या. एकही गणपती समोर बघत नव्हता. कोणी जरा वर, कोणी दाराकडे, कोणी शेजारच्याच्या पलीकडे. तिरळे नव्हते, आखणी सुरेखच होती. पण घरातलं कोणी बराच वेळ परतलं नाही की आपण जसं इकडेतिकडे बघतो, तशी एकूणएक नजर होती. आणि आम्ही मध्ये उभे होतो ते त्यांच्या खिजगणतीतही नव्हतो.

व्यापाऱ्याने चहा अर्धा सोडला. पुन्हा येईन तेव्हा डोळे नीट हवेत, नाहीतर माल उचलणार नाही, असं सांगून गाडीत बसला.

त्या संध्याकाळी निलेशने वनिताला सगळ्यांदेखत सांगितलं, की डोळ्यांचे तयार छाप मिळतात, ते मागवतो, तू उद्यापासून घासकामाला बस. वनिता उभीच राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. "निलेश, घासायला मी कुटं बी बसन," म्हणाली. "पन मग भाऊंनी कोनाला इचारायचं?"

भाऊंना कोणी विचारायचं, असं नाही म्हणाली ती. भाऊंनी कोणाला विचारायचं. म्हणजे पाट गेला तरी तिच्या लेखी भाऊ शेडमध्येच होते. पण त्याच वेळी त्या बाईचा इतका कळवळा आला की काय सांगू! तिच्या हातातून डोळे गेले असते तर तिच्यापाशी उरलं काय असतं? निलेशला मी म्हटलं, "तो माणूस परत येईपर्यंत छाप मागवायचे नाहीत. मॅनेजर मी आहे. मला मॅनेजरकी करू दे, नाहीतर मी पहिल्या रिक्षाने पेणला जाते." मी चिडले की घरचेसुद्धा वाद घालत नाहीत. निलेशनेही घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावर चढले. वैशाखातला माळा, पत्र्याखाली, हात लावीन ते भाजत होतं. साचे भाजत होते, शिडी भाजत होती. पाट गार होता. रांजणाच्या बुडाखाली ठेवल्यासारखा गार. मी तो काखेत मारला, खाली आणला, खांबाशी ठेवला आणि कोणाकडे न बघता त्यावर बसले. रोह्याला शिकले होते तेच केलं. ज्या जागेवर अडतंय त्या जागेवर आपण बसून यायचं.

बसल्यावर मागे टेकले. भाऊ ताडमाड उंच होते, फोटो बघितलाय मी. मी ही एवढीशी. तरी तो ओला डाग नेमका माझ्या डोक्याशी आला. सुगंधा लांबूनच म्हणाली, "ते वाकून बसायचे. लोकांएवडं होऊन." त्या दिवशी शेडमध्ये कोणी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

वनिताने माझ्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, मग कुंचला उचलला. डोळे काढले. ठिपका टाकला. मूर्ती वळवली.

"बगतोय?"

सगळे हात थांबले. पत्रे टकटकायला लागले. मी त्या मूर्तीच्या डोळ्यांत बघितलं. सुंदर डोळे होते. पण ते माझ्या कानावरून पलीकडे बघत होते. सगळ्या जन्मात मी तेवढं अवघड उत्तर दिलेलं नाही. हो म्हणायचा मोह काय कमी होता? माल निघायचा होता, निलेश दारात उभा होता, आणि हो म्हटलं की या शांततेतून सुटका होती. मी तोंड उघडलं आणि "नाही," म्हटलं.

तेव्हाच माझं लक्ष सुगंधाकडे गेलं. तिने कुंचला आधीच खाली ठेवला होता.

वनिताने डोळे पुसले, पुन्हा काढले. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मूर्ती वळली आणि त्या डोळ्यांनी मला धरलं. मला म्हणजे मलाच, मंदाकिनीला, घरी कोण कोण वाट बघतंय हे माहीत असल्यासारखं. "बघतोय," मी म्हटलं, आणि माझ्या शब्दाच्या अगदी किंचित आधी फवाऱ्याची मशीन सुरू झाली.

त्या दिवसापासून मी पाटावर बसायला लागले. फळीवरच्या सगळ्या मूर्ती एकेक करून परत टेबलावर आल्या, डोळे पुसले गेले, नव्याने उघडले. टेबलाचा वेग वाढला, कारण माझं उत्तर लवकर यायचं. बाकीचे हात हळूहळू माझ्या शब्दानंतर चालू व्हायला लागले. आधी जरासे, मग पूर्णच. हे लक्षात आल्यावर मला केवढं हुश्श झालं! बायका पुन्हा बोलायला लागल्या, मॅडमची ताई झाली, सुगंधा माझ्या डोक्याला तेल किती लागतं यावरून टवाळी करायला लागली. खांबावरचा डाग सुकला. म्हटलं, बसला पुठ्ठा.

त्या पाटावर बसून मॅनेजरकीबद्दल जे कळलं ते पुण्याच्या टायवाल्यांना सांगायला हवं होतं. आम्ही समजतो की आपण माणसांवर लक्ष ठेवतो म्हणून काम होतं. काम करणाऱ्याला कोणाचं लक्ष नको असतं. त्याने काम पुरं करून वर बघितलं, बरं झालं का विचारलं, तर समोर कोणीतरी बसलेलं असावं आणि त्याने खरं उत्तर द्यावं, एवढंच हवं असतं. भाऊंनी जन्मभर दुसरं काही केलं नाही आणि त्यांचा कारखाना ते गेल्यावरही त्यांच्याच शब्दावर चालत होता. माझ्यामागे रोह्यात कोणी माझ्या स्टुलाला काही विचारत असेल असं मला वाटत नाही.

व्यापारी आला. फळ्यांसमोर उभा राहिला, मग चपला काढून चक्क खाली बसला आणि हात जोडले. "अब देख रहे हैं," एवढंच म्हणाला. माल गेला. छापांचं नाव निलेशने पुन्हा काढलं नाही. शेवटचा टेम्पो गेल्यावर तो कितीतरी वेळ त्या पाटाशी नुसता बसून होता, पाटावर नव्हे, शेजारी.

निघताना मी वनिताजवळ गेले. वाटलं होतं, आनंदात असेल. ती बादलीत कुंचले धूत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, लय उपकार झाले. माझा हात ऱ्हायला." मग थोड्या वेळाने, "पन तुमी बोलायला लागल्यापास्नं ते बोलत नाय. आदी जरा जरा यायचा आवाज, तुमच्या मागनं. आता नायच येत."

तिचे डोळे भरले होते.  जे मी हुश्श करून सोडलं होतं ते तिचं सर्वस्व होतं. लाइन सोडवायला म्हणून गेले आणि तिच्यापासून तिचा माणूस सोडवून आले. सगळी नोकरी यशस्वी केल्याचा माझा तोरा त्या बादलीशी उतरला. मी तिचा ओला हात धरला.

माझ्या घरचा गणपती तिने शाडूचा केला. त्याची आखणी करताना मला बोलावलं नाही, एकटीने केली. तोंडावर रुमाल बांधून निलेशकरवी पाठवून दिला.

चतुर्थीला सकाळी मखरात ठेवून रुमाल सोडला. सगळे म्हणाले, काय सुरेख डोळे! पूजा ह्यांनी केली, आरती झाली, सगळे स्वयंपाकघरात पानं घ्यायला गेले. मी एकटी समोर पाटावर बसले आणि नेहमीच्या सवयीने नजरेला नजर द्यायला गेले. ती मिळेना. गणपती माझ्या डाव्या खांद्याशेजारी बघत होता. शोधत नव्हता. अगदी निवांत बघत होता, माझ्याशेजारी कोणी उंच माणूस जरा वाकून बसला असता तर त्याचे डोळे जिथे आले असते तिथे.

मी वनिताला फोन लावला. "वनिता गो, तू हे काय करून ठेवलंस?"

 तिच्याकडेही आरती चाललेली ऐकू येत होती, मग आरती थांबली. मग तिने हळूच विचारलं, "ताई, बगतोय?"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच पलीकडून तिचा आवाज आला. कापत होता, आणि हसत होता.

"बरं," ती म्हणाली. "आलं ऐकू."

फोन बंद झाला. आत भांडी पुन्हा वाजायला लागली. मी डावीकडे बघितलं नाही. पाटावर तेवढी उजवीकडे सरकून बसले.